४४ टक्के आणि एमबीबीएसची एक जागा

२०२४ साली महाराष्ट्रातला एक विद्यार्थी ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देऊन एमबीबीएसच्या रांगेत उभा राहिला. अर्जात ओबीसी आणि दिव्यांग असे दोन्ही रकाने भरलेले. दिव्यांगत्व वाचेचं (म्हणजे बोलण्याचं) आणि भाषेचं, मोजमापात ४४-४५ टक्के. नियमाप्रमाणे तो मुंबईतल्या तपासणी केंद्रात गेला. तिथे मोजणी झाली आणि निष्कर्ष निघाला: दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या वर आहे, सबब एमबीबीएसला अपात्र. या मुलाला रुग्णाशी बोलता येईल का, वर्गात आणि वॉर्डात त्याचं नेमकं काय अडेल, याबद्दल तिथल्या डॉक्टरांच्या मंडळाने काहीच मत दिलेलं नव्हतं.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १५ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याचा सविस्तर निकाल आला. विद्यार्थ्याचं नाव निकालपत्रात आहे, मी ते इथे घेत नाही. पुढे त्याला लोकांनी डॉक्टर म्हणून ओळखावं, खटला म्हणून नको. दिव्यांगांच्या प्रवेशाशी आणि नोकरीशी ज्यांचा संबंध येतो, त्या प्रत्येकाने हे प्रकरण बारकाईने पाहावं असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे दिव्यांग माणसाला प्रवेशाच्या खिडकीवर, बसमध्ये, भरतीच्या वेळी पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘किती टक्के?’ हा. त्या एका आकड्यावर आपण किती ओझं टाकलंय, ते इथे उघडं पडतं.

आधी नियम बघू. वैद्यकीय पदवी शिक्षणाचे नियम १९९७ चे. मे २०१९ मध्ये त्यांत दुरुस्ती झाली आणि ‘एच-१’ नावाचं परिशिष्ट आलं. कोणत्या दिव्यांगत्वाला किती टक्क्यांपर्यंत एमबीबीएस करता येईल, याचा तो तक्ता. वाचा-भाषेच्या रकान्यात मांडणी अशी होती: बोलणं समोरच्याला किती समजतं याची एक श्रेणी असते, ती तीनच्या पुढे जाता कामा नये. तीन म्हणजे ४० टक्क्यांच्या आत. ४० च्या आत असाल तर अभ्यासक्रम करा, पण दिव्यांगांच्या कोट्यातून जागा मिळणार नाही. ४० किंवा त्याहून जास्त असाल तर अभ्यासक्रमच बंद.

आता याच्या शेजारी कायदा ठेवा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून. त्याच्या कलम ३२ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखून ठेवायच्या. त्या कोणाला? तर ज्यांचं दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी नाही त्यांना. म्हणजे वाचादिव्यांग मुलगा ३९ टक्क्यांवर असेल तर दार उघडं पण राखीव जागा नाही, आणि ४० वर गेला की राखीव जागा आहे पण दार बंद. दोन्ही एकत्र वाचले तर वाचादिव्यांगांसाठी वैद्यकीय शिक्षणातलं आरक्षण कागदावरून पुसलंच जातं. संसदेने जे दिलं ते एका परिशिष्टातल्या रकान्याने काढून घेतलं, आणि २०१९ ते २०२४ या काळात तो रकाना तसाच राहिला. याचा मला आजही राग येतो, कारण असा रकाना लिहिणाऱ्याने कायद्याचं कलम आणि आपला तक्ता एकदा शेजारी ठेवून वाचला असता तरी हे लक्षात आलं असतं.

हा ४० चा आकडा काही वैद्यकीय शिक्षणासाठी जन्मलेला नाही. १९९५ च्या जुन्या कायद्यातही तो होताच. सवलती आणि राखीव जागा मर्यादित, मागणारे अनेक, तेव्हा कुठेतरी रेघ ओढावी लागते म्हणून ओढलेली ती रेघ. लाभ कोणाला द्यायचा हे ठरवण्यापुरती ती ठीक. पण अमुक माणूस अमुक काम करू शकेल का, हे सांगण्याची त्या आकड्याची कुवतच नाही. टक्केवारी शरीराच्या एका भागाचं मोजमाप घेते. ती काठी मोजत नाही, श्रवणयंत्र मोजत नाही, वीस वर्षांत माणसाने स्वतःला कसं घडवलं ते मोजत नाही, आणि समोरच्या कामाला नेमकं काय लागतं हे तर तिला ठाऊकच नसतं. उंची मोजून पोहता येतं का हे ठरवल्यासारखा हा प्रकार.

विद्यार्थ्याने मुंबई उच्च न्यायालयात नियमालाच आव्हान दिलं. पण प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या होत्या आणि तिथे तातडीचा दिलासा मिळाला नाही, पुढची तारीख सप्टेंबरातली मिळाली. प्रवेशाच्या प्रकरणात तारीख पुढे जाणं म्हणजे काय, हे ज्या घरात मूल नीटला बसलंय तिथे सांगावं लागत नाही. फेरी संपली की जागा दुसऱ्याच्या नावावर लागते आणि मग न्याय मिळूनही वर्ष गेलेलं असतं. म्हणून तो सर्वोच्च न्यायालयात धावला. न्यायमूर्ती भूषण गवई, अरविंद कुमार आणि के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने सप्टेंबरच्या सुरुवातीला दोन गोष्टी केल्या. दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयाने मंडळ नेमून या मुलाला तपासावं असं सांगितलं, आणि निर्णय होईपर्यंत एक जागा रिकामी ठेवायला लावली.

दिल्लीच्या मंडळाला विचारलेला प्रश्न मुंबईच्या मंडळाच्या प्रश्नाहून वेगळा होता, आणि या सगळ्या प्रकरणाचा जीव तिथेच आहे. ‘किती टक्के?’ हे कोणालाच नव्याने विचारायचं नव्हतं. ‘हे दिव्यांगत्व एमबीबीएस करण्याच्या आड येईल का?’ असा प्रश्न होता. मंडळाने तपासून कळवलं की येणार नाही. तोच मुलगा, तीच वाचा, तेच ४४-४५ टक्के. प्रश्न बदलला आणि उत्तर बदललं. १८ सप्टेंबरला न्यायालयाने राखून ठेवलेल्या जागेवर त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. त्यामागची कारणं १५ ऑक्टोबरच्या निकालात आली.

निकालाचा गाभा थोडक्यात सांगतो. दिव्यांगत्वाचा आकडा ४० च्या वर आहे एवढ्याच कारणाने कोणाला शिक्षण नाकारता येणार नाही. मंडळाने प्रत्येक उमेदवाराबाबत स्पष्ट नोंदवलं पाहिजे की दिव्यांगत्व अभ्यासक्रमाच्या आड येतं की नाही. येतं म्हणत असाल तर कारणं लिहा. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्येच वैद्यकीय शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला या विषयावर पत्र पाठवलेलं होतं, नवे नियम येईपर्यंत मंडळांनी त्यातले मुद्दे ध्यानात ठेवावेत. अपिलाची व्यवस्था उभी राहीपर्यंत मंडळाच्या नकाराला न्यायालयात आव्हान देता येईल आणि न्यायालय अशा उमेदवाराला एखाद्या नामांकित वैद्यकीय संस्थेकडे पुन्हा तपासणीला पाठवू शकेल. मंडळ म्हणजे आकडा बघून माणूस बाजूला काढणारं यंत्र नाही, असंही न्यायालयाने सुनावलं. सगळ्यांना एकाच मापाने मोजणारा नियम संविधानाच्या अनुच्छेद १४ च्या, म्हणजे समानतेच्या, कसोटीवर टिकत नाही, ही त्यामागची मांडणी.

पण मला अधिक वेळ द्यावासा वाटतो तो ‘आड येईल का’ या प्रश्नाला, कारण तो विचारणं सोपं आणि त्याचं उत्तर देणं फार मेहनतीचं आहे. वाचादिव्यांग विद्यार्थी एमबीबीएसला आला, तर त्याचं कुठे कुठे अडू शकतं? पहिलं वर्ष शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन. विच्छेदन, प्रयोगशाळा, लेखी उत्तरं यांत वाचेचा संबंध नावापुरता. अडतं ते तोंडी परीक्षेत. स्पष्ट न बोलणाऱ्या विद्यार्थ्याची व्हायवा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल: मुलगा वाक्य सुरू करतो, ‘ब्र’ किंवा ‘स्प’ सारख्या जोडाक्षरावर अडखळतो, आणि परीक्षक वाक्य पुरं होण्याआधीच मान हलवून ‘बरं, पुढे’ म्हणतो. परीक्षकाला वाटतं, आपण त्याला त्रासातून सोडवलं. प्रत्यक्षात त्याचे गुण गेले. इथे उपाय काय? व्हायवाला वाढीव वेळ, हवं तर उत्तर लिहून किंवा टाइप करून देण्याची मुभा, आणि परीक्षकाला आधी दोन ओळींची कल्पना. याला पैसा जवळजवळ लागत नाही. कायद्याच्या भाषेत या वाजवी सोयी, आणि त्या न देणं हा २०१६ च्या कायद्याप्रमाणे भेदभावच आहे.

मग वॉर्ड. रुग्णाचा इतिहास घेणं म्हणजे बोलणं, पण त्यातही निम्म्याहून जास्त ऐकणं. गर्दीच्या ओपीडीत, मास्क लावून, गोंगाटात भराभर बोललेलं स्पष्ट वाचेच्या डॉक्टरचं वाक्यही रुग्णाला कित्येकदा कळत नाही, आणि कोणी त्या डॉक्टरचं प्रमाणपत्र मागत नाही. वाचादिव्यांग डॉक्टर हळू बोलेल, लिहून दाखवेल, नेहमीचे प्रश्न छापील कार्डावर ठेवेल, मोबाइलवर टाइप करून आवाज काढेल. निरक्षर रुग्णापुढे लिहून भागणार नाही, तिथे सोबतच्या नर्सची किंवा सहकाऱ्याची मदत लागेल. अत्यवस्थ रुग्णापाशी सेकंदात ओरडून सूचना देणं कदाचित खरंच कठीण जाईल. हे मी दडवणार नाही, दडवलं तर पुढे त्याच विद्यार्थ्याचं नुकसान. पण अत्यवस्थ विभागात काम चालतं ते चमूने, आणि शिक्षणाच्या साडेचार वर्षांत व इंटर्नशिपच्या वर्षात चमूत कोणी काय करायचं हे बसवता येतं. प्रत्येक एमबीबीएस डॉक्टर आयुष्यभर अत्यवस्थ विभागातच उभा असतो असंही नाही.

यावर एक उत्तर फार पटकन येतं: मग त्याने पॅथॉलॉजी घ्यावी, रेडिओलॉजी घ्यावी, रुग्णासमोर जायलाच नको. मला हे मान्य नाही. निवड त्याची असेल तर आनंद आहे. पण दिव्यांग डॉक्टरला मागच्या खोलीत बसवण्याची वाट म्हणून त्या शाखांकडे बोट दाखवणं हा जुनाच नकार, फक्त गोड शब्दांत. डॉ. सुरेश अडवाणींचं उदाहरण आपल्याच मुंबईतलं. आठव्या वर्षी पोलिओ, तेव्हापासून व्हीलचेअर. वैद्यकीय प्रवेश त्यांना आधी नाकारला गेला, भांडून मिळवावा लागला. पुढे १९८३ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयात देशातल्या पहिल्या यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचं नेतृत्व त्यांनी केलं. २००२ मध्ये पद्मश्री, २०१२ मध्ये पद्मभूषण. ते आयुष्यभर रुग्णांसमोरच बसले. प्रवेशाच्या वेळी कोणी त्यांच्या पायांची टक्केवारी बघून दार लावलं असतं आणि ते परत फिरले असते, तर किती रुग्ण वंचित राहिले असते याचा हिशेब कोण देणार?

निकाल आला म्हणून सगळं सुरळीत झालं, असं मात्र नाही. या मुलाला जागा मिळाली याचं एक कारण त्याचा मुद्दा खरा होता, आणि दुसरं कारण वेळेत जागा रिकामी ठेवली गेली. ज्यांना दिल्ली गाठणं शक्य नव्हतं, त्यांचं २०१९ पासून काय झालं याची नोंद कुठल्याही निकालपत्रात सापडणार नाही. निकालानंतरही मंडळांच्या सवयी लगेच सुटल्या नाहीत. त्याच ऑक्टोबरात स्नायूंच्या क्षयाने ८८ टक्के दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याचं प्रकरण न्यायालयासमोर होतं. २१ फेब्रुवारी २०२५ ला आणखी एक निकाल आला. हातापायांचं ५० आणि वाचेचं २० मिळून ५८ टक्के दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याचा तो. (५० आणि २० मिळून ७० का नाहीत, असा प्रश्न पडेल. एकापेक्षा जास्त दिव्यांगत्वं असली की सरळ बेरीज करत नाहीत, त्याचं वेगळं सूत्र आहे.) त्याच्यासमोर नियमातली अट होती की दोन्ही हात धडधाकट हवेत, त्यांत पूर्ण संवेदना आणि पुरेशी ताकद हवी. न्यायालयाने ती अट मोडीत काढली आणि विचारायचं ते कामाबद्दल विचारा, हेच पुन्हा बजावलं. त्याच्या तपासणीत बहुसंख्य डॉक्टरांचं मत विरोधात होतं. दिल्लीचे डॉ. सतेंद्र सिंह यांनी वेगळं मत दिलं. ते स्वतः दिव्यांग आहेत आणि वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतात. सहाय्यक साधनं घेऊन हा विद्यार्थी काय काय करू शकेल, हे त्यांनी मांडलं आणि न्यायालयाने ते उचलून धरलं. मंडळात दिव्यांग डॉक्टर असला की तपासणीचा रोख कसा बदलतो, हे यातून दिसतं. प्रत्येक मंडळावर असा एक तरी डॉक्टर असलाच पाहिजे, यात मला काडीचीही शंका नाही.

मंडळापुढे जाणाऱ्या विद्यार्थ्याला आणि पालकांना या प्रकरणातून एक सरळ सल्ला देता येतो. नुसतं टक्केवारीचं प्रमाणपत्र घेऊन जाऊ नका. आजवर शाळेत, कॉलेजात, प्रयोगशाळेत काय केलं, कोणती साधनं वापरता, तोंडी परीक्षा कशा दिल्या, याचं एक पान स्वतः लिहून न्या आणि ते फाइलला जोडून त्याची पोच घ्या. श्रवणयंत्र, पायाला आधार देणारं कॅलिपर, कृत्रिम अवयव, जे वापरता ते लावूनच तपासणीला बसा. मंडळाने ‘अपात्र’ लिहिलं तर कारणं लेखी मागा, न दिल्यास तसा अर्ज करून त्याचीही पोच ठेवा. कारण नसलेला नकार कोर्टात टिकणं आता अवघड आहे, पण तो दाखवायला कागद हातात लागतो. आणि तारखांकडे लक्ष ठेवा: फेरी संपायच्या आत हालचाल केली तरच जागा राखून ठेवा म्हणून मागता येतं.

हाच आकडा नोकरीतही माणसाच्या मागे येतो. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी २०१५ ची केंद्रीय लोकसेवा परीक्षा ७७३ व्या क्रमांकाने पार केली. रेल्वेच्या लेखा सेवेत नाव लागलं, पण पूर्ण अंधत्वाचं कारण देऊन रेल्वेने त्यांना घेतलं नाही. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक आला आणि त्या आयएएस झाल्या. रेल्वेतला हिशेब सांभाळायला दृष्टी लागते म्हणणारी व्यवस्था आणि त्याच व्यक्तीला उपजिल्हाधिकारीपदाची जबाबदारी देणारी व्यवस्था एकाच सरकारची. ३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दृष्टिहीनांना न्यायाधीशपदापासून दूर ठेवणारा मध्य प्रदेशचा नियम रद्द केला, त्याची सुरुवात एका दृष्टिहीन उमेदवाराच्या आईने पाठवलेल्या पत्राने झाली होती.

गंमत म्हणजे नोकरीच्या बाबतीत योग्य प्रश्न विचारायची पद्धत सरकारकडे आधीपासून आहे. ४ जानेवारी २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेत दिव्यांगांसाठी साडेतीन हजारांवर पदं निश्चित केलेली आहेत, आणि प्रत्येक पदासमोर त्या कामाला काय लागतं ते लिहिलंय: बसणं, उभं राहणं, चालणं, वाकणं, उचलणं, वाचणं-लिहिणं, बघणं, ऐकणं, संवाद साधणं. यादीत उणिवा असतील, पण ती सुरुवात कामापासून करते. वैद्यकीय प्रवेशाच्या तक्त्याने हीच पद्धत घेतली असती तर या मुलाला दिल्लीला जावं लागलं नसतं.

आता या मुलाच्या वाटेत पुढे येणारी अडचण. २०१६ च्याच कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के पदं राखीव आहेत. ती कोणत्या गटांना, ते कलमातच नाव घेऊन सांगितलंय: अंध व अल्पदृष्टी, बधिर व कमी ऐकू येणारे, अस्थिदिव्यांग, ज्यांत मेंदूचा पक्षाघात, कुष्ठमुक्त, बुटकेपणा, आम्लहल्ल्याचे बळी आणि स्नायुक्षय येतात, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, आणि यांतली एकाहून अधिक असलेले. वाचा-भाषेचं दिव्यांगत्व कायद्याच्या अनुसूचीतल्या २१ प्रकारांत आहे, शिक्षणाच्या आरक्षणात आहे, नोकरीच्या या यादीत नाही. विदर्भात ज्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत तो सिकल सेल हा रक्ताचा आजारही नाही, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाही नाही. हा विद्यार्थी २०३० च्या आसपास इंटर्नशिप संपवून बाहेर पडेल आणि वैद्यकीय अधिकाऱ्याच्या जाहिरातीला अर्ज करेल. ओबीसीतून किंवा खुल्यातून त्याला बसता येईल, दिव्यांगांच्या चार टक्क्यांत बसता येणार नाही. ज्या प्रमाणपत्राने त्याला आधी अडवलं आणि मग प्रवेश दिला, ते तिथे उपयोगाचं नसेल. कलम ३४ मध्ये राहून गेलेले प्रकार घालायचे तर ते काम संसदेचं आहे, आणि तो डॉक्टर होईपर्यंत त्यासाठी अजून थोडी वर्षं हातात आहेत.